वाकणावर झाकण पाहिजे: पाइप फिटिंगच्या इन्स्पेक्शन बॉक्सचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याच्या खेड्यांमध्ये मी 24 वर्षांपासून घरगुती लाइट फिटिंगची कामं करतो. ज्या वस्तूबद्दल लिहितो आहे ती दुकानाच्या काउंटरवर पडलेली असली तर कोणी वळूनही पाहणार नाही. वायरी ज्यातून नेतो त्या पीव्हीसी पाइपाच्या वाकणावर बसवायचा झाकणाचा बॉक्स, एवढीच ती वस्तू. पण दोन वर्षांत मी असे 140 च्या आसपास नग बसवले आणि आता त्याच्याशिवाय काम अंगावर घेत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे दोन-तीन कंपन्यांचा माल येतो, गुण आणि दोष सगळ्यांचे जवळपास सारखेच आहेत.

हा बॉक्स मला का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो.

दोन वर्षांमागे दिवाळी झाल्यावर एका काकाजींचा निरोप आला की मधल्या खोलीतला पंखा बंद पडला. घर जुनं, मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. समोरची सपरी तेवढी नवी. मधल्या खोलीत कापूस भरलेला, पार आड्याच्या खाली दीड हातापर्यंत. भाव चढेल म्हणून यंदा घरातच ठेवला, असं काकू म्हणाल्या. बोर्डापासून पंख्यापर्यंत पाइप लाकडी वाशांच्या कडेने नेलेला होता. वाटेत चार एल्बो, म्हणजे काटकोनातले जोड, चारही सोल्युशन लावून चिकटवलेले, आणि मध्ये उघडून पाहायला एकही जागा नाही.

मेन बंद केला, पंख्याकडून वायर ओढली, तर ती हलेचना. जोर लावला तशी तुटून दोन हात हातात आली. बाकीची काढायला पाइप कापावा लागला. कापताना दिसलं, एका ठिकाणी पाइप बाहेरूनच पिवळा-तपकिरी झाला होता. आत वायरीला वायर पिळून केलेला जॉइंट. वरची काळी टेप वितळून कोळशासारखी कडक झालेली, इन्सुलेशनला फोड आलेले, तांब्यावर हिरवं चढलेलं. त्याच्या खाली दीड हातावर कापूस.

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, पाइपाच्या आतमंदी काय होऊन राहिलं, ते आमाले बाहेरून कसं दिसन? कुठंतरी झाकण तं ठेवा लागत होतं."

ती फिटिंग कोणी केली होती ते मी विचारलं नाही. पण घरी येऊन त्या रात्री मला झोप लागली नाही. अशाच चिकटवलेल्या एल्बोंची फिटिंग मीही सुरुवातीच्या वर्षांत केली होती. पाइपात जॉइंट कधी केला नाही, पण झाकणही ठेवलं नव्हतं.

नियम तर आधीपासून आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलात लिहिलेलं आहे की एका पॉइंटपासून दुसऱ्या पॉइंटपर्यंत पाइपाला काटकोनातली चारपेक्षा जास्त वाकणं नसावीत. वायरिंगच्या तक्त्यात 20 मिलिमीटरच्या पाइपात दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटरच्या) 5 वायरी बसतात असं आहे. पण ते कधी, तर दोन बॉक्सांमधलं अंतर 4.25 मीटरच्या आत असेल आणि पाइप 15 अंशांपेक्षा जास्त वळत नसेल तेव्हा. त्याहून जास्त वळला की 4 वायरी. खेड्यात हा तक्ता कोणी पाहत नाही. पाइपात जागा दिसली की वायर कोंबतात, आणि ओढताना वायर एल्बोच्या आतल्या कडेला घासते. तिथे निघालेलं साल बाहेरून कधीच कळत नाही.

आता बॉक्सबद्दल. दुकानात "मॉड्युलर बॉक्स द्या" म्हणालात तर स्विचबोर्डाचा बॉक्स काढून देतील. "झाकणाचा इन्स्पेक्शन बॉक्स, सुट्या तोंडांचा" असं मागा. साधा इन्स्पेक्शन बेंड आणि इन्स्पेक्शन टी फार जुनी वस्तू आहे, ती मी पूर्वीही वापरायचो. पण त्यात डावा, उजवा, मागून, टी असा प्रत्येक आकार वेगळा घ्यावा लागतो. आर्वीहून पंचवीस किलोमीटर आलो आणि एक आकार चुकला की दिवस गेला. या बॉक्साचं तसं नाही. मधला डबा एकच, त्याच्या चारही बाजूंना आणि पाठीला सारख्या मापाचे आटे. जिथे पाइप येतो तिथे 20 चं किंवा 25 मिलिमीटरचं तोंड फिरवून बसवायचं, उरलेल्या बाजूंना बूच. त्याच डब्याचा कोपरा होतो, टी होतो, चौक होतो. वीस डबे आणि पिशवीभर तोंडं घेऊन निघालो की घर कसंही असो, अडत नाही. काकाजींच्या घरात भिंत कुठे सरळ नाही आणि वासा कुठे एका रेषेत नाही. तिथे तर पाठीचं तोंड फार उपयोगी पडलं, भिंतीतून आरपार पलीकडच्या खोलीत जाता आलं.

झाकण काढल्यावर आत चार बोटं जातात, आणि माझ्या लेखी याची सगळी किंमत त्यात आहे. वायर ओढण्याचं काम दोघांचं असतं. मी पाइपात वायर ओढायची स्प्रिंग टाकतो, पुतण्या दुसऱ्या टोकाला वायरी सोडतो. वायरींची टोकं सोलून स्प्रिंगच्या डोळ्यात अडकवायची, एकापुढे एक अशी थोडी मागे-पुढे ठेवायची आणि वरून टेप निमुळती गुंडाळायची, म्हणजे गाठ एकाच जागी जाड होत नाही. आधी चार एल्बो असलेल्या पाइपात तिसऱ्या वाकणाला हात भरून यायचे. आता पहिल्या बॉक्सपर्यंत ओढतो, वायर झाकणातून बाहेर हातभर मोकळी काढतो, पीळ सोडवतो आणि पुढच्या तोंडात घालतो. प्रत्येक ओढ सरळ पाइपातली. पुतण्या पलीकडून "सोडू का, सोडू का" करत असतो आणि वायर पाण्यासारखी येते. काकाजींची मधली खोली, सैपाकघर आणि सपरी मिळून सगळी ओढाई दुपारच्या जेवणाआधी झाली. जुन्या पद्धतीने मी तिला दीड दिवस धरला असता.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. वायर सरकावी म्हणून काही जण ग्रीस किंवा गाडीचं जुनं ऑइल लावतात. ते लावू नका. त्याने वायरीचं इन्सुलेशन खराब होतं. अंगाला लावायची साधी पावडर पुरते. आणि जॉइंट करायची वेळ आलीच तर तो बॉक्सात, कनेक्टर लावून. पाइपात जॉइंट कधीच नाही.

उन्हाळ्याचा अनुभव वेगळा सांगण्यासारखा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि टिनाखाली दुपारी हात लावून पाहा, पाइप तापलेला असतो. पीव्हीसी एका मीटरमागे एका अंशाला साधारण 0.07 मिलिमीटर वाढतो. 3 मीटरचा पाइप आणि पहाट ते दुपार 30 अंशांचा फरक धरला तर सहा मिलिमीटरच्या वर जातो. दोन्ही टोकं सोल्युशनने चिकटवली तर पाइपाने जायचं कुठे? तो कमान होऊन त्याला भिंतीशी धरणारं सॅडल उपटतो. मातीच्या भिंतीत स्क्रूसाठीची गिट्टी धरतच नाही, लाकडी गुल्ली ठोकावी लागते, तीही उपटते. या बॉक्साच्या तोंडाला आत चांगली खोली आहे. मी पाइपाचं एकच टोक चिकटवतो, दुसरं नुसतं खोल सरकवून ठेवतो आणि शेवटाला बोटभर जागा सोडतो. दोन उन्हाळे गेले, कोठ्यातल्या (गोठ्यातल्या) टिनाखालचा पाइप सरळ आहे. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादाच 70 अंशांची असते, त्यात टिनाखालची हवा आधीच तापलेली. तिथे पाइप गच्च भरू नये हे त्यामुळेही पटतं.

पट्टी फिटिंग, म्हणजे झाकणाच्या पट्टीतून वायरी नेणं, स्वस्त पडते आणि तीही उघडते, मग हे कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. बैठकीच्या खोलीत पट्टी लावा, माझी ना नाही. पण कापूस, तूर, कुटार जिथे ठेवता तिथे पट्टीच्या फटीतून धूळ आणि रुई आत जाते, आणि उंदीर तर पट्टी कुरतडून वायरीपर्यंत पोचतात. बॉक्साचं झाकण स्क्रूने घट्ट बसतं, खाली रबराची रिंग असते. वर्षभराने कापसाच्या खोलीतलं झाकण उघडलं तेव्हा आत रुईचा एक तंतू नव्हता.

दोषही आहेत आणि ते काम करणाऱ्याला माहीत असले पाहिजेत. झाकणाचे स्क्रू थेट प्लास्टिकात जातात, पितळेची नटी नाही. चार-पाच वेळा उघडलं की आटे मरतात. ड्रिल मशीनने तर कधीच कसू नका, हाताने पेचकस फिरवा आणि अडलं की थांबा. आमच्या पहिल्या लॉटमध्ये चार झाकणं अशी सैल झाली, ती जरा जाड स्क्रू घालून चालवली. दुसरं, काही तोंडांच्या आतल्या कडेला साच्याची धार राहिलेली असते. बोट फिरवून पाहा, टोचली तर कानस मारा. मी हे प्रत्येक नगाला करतो, कारण त्याच धारेवर वायरीचं साल निघतं. तिसरं, पांढरा माल उन्हात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. घराबाहेर, सरळ उन्हात मी तो लावत नाही. विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीतही एकाला नाही म्हटलं. तिथे लोखंडी कवचाची आर्मर्ड केबल आणि लोखंडी स्टार्टर पेटी हेच बरं. आणि रबराची रिंग झाकणाला चिकटलेली नसते, उघडताना खाली पडते. कापसात पडली की गेलीच. म्हणून झाकण काढण्याआधी एक हात खाली धरायचा.

लाल मुंग्यांबद्दलही सांगतो. ज्या बाजूला बूच लावायचं राहिलं, तिथून त्या पावसाळ्यात आत गेल्या आणि कनेक्टरभोवती माती आणून भरली. चूक माझीच, दोष बॉक्साला नाही. आता निघण्याआधी प्रत्येक डब्याची बुचं मोजतो.

मला डबा झाकणासह 70 रुपयांना पडला, तोंडं वेगळी, बारा रुपये नग. साधा एल्बो याच्या कितीतरी खाली मिळतो, त्यामुळे मालक आधी कुरकुर करतात. काकाजींच्या घराला 11 डबे लागले, तोंडं-बुचं धरून हजाराच्या थोडं वर गेलं. घरकुलाच्या दोन खोल्यांना चार-पाच डब्यांत भागतं. पैसे कमी असतील तर मी म्हणतो, निदान जिथे माल ठेवता त्या खोलीत आणि पंख्याच्या आधीच्या वाकणावर एकेक लावा, बाकी साधे बेंड चालतील. मात्र दोन झाकणांमध्ये दोनपेक्षा जास्त वाकणं ठेवत नाही. चारची मुभा असली तरी ठेवत नाही.

परवा काकाजींकडे वार्षिक तपासणीला गेलो होतो. मेन बंद केला आणि एकेक झाकण उघडलं. काकाजी टॉर्च धरून माझ्यासोबत प्रत्येक डब्यात डोकावले, कनेक्टर कसला की बोट लावून पाहत होते. मधल्या खोलीत यंदाही कापूस आहे, पण पाइपापासून चांगला चार हात खाली. तो काकूंनी स्वतः उभं राहून रचून घेतला. निघताना काकूंनी सांगितलं, "कोठ्यातबी तीन डबे लावून देजा भाऊ, पोळ्याच्या आधी." ते तीन डबे आणि स्क्रूची जादा पुडी आजच आर्वीहून आणली आहे.