जखम भरेना: जेल, कानस, ब्रश की तुकडा?

"तोंड आलंय, उष्णता वाढली असंल." वीस वर्षं तंबाखूचा बार भरणाऱ्याच्या घरात या वाक्यावर महिना निघून जातो. ताक, सब्जा, बी-कॉम्प्लेक्स, मेडिकलमधलं जेल. साधं तोंड एक-दोन आठवड्यांत बरं होतं, तेवढ्यापुरतं हे ठीक. पण जेलने दुखणं बधिर होतं, जखम तिथंच राहते. कर्करोगाची जखम तर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे जाणं त्याहून बरं. दाताची धार गालाला लागत असेल तर ती घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ती दुसरी तारीख बुडवली तर पहिली भेट फुकट. बार ठेवायच्या खोबणीतच जखम आहे, कडा कडक लागतात, तोंडात तीन बोटं मावत नाहीत किंवा मानेत गाठ आहे, अशांनी दोन आठवडेही थांबू नये.

ब्रशने पेशी खरवडणं किंवा निळा रंग लावून बघणं अनेकांना सोपं वाटतं, कारण सुई नाही. पण त्यात संशय आला तरी जखमेचा तुकडा काढून तपासावाच लागतो, आणि 'ठीक' आलं तरी जखम असेपर्यंत भरवसा नाही. माझ्या मते तुकडा कुठून काढावा हे ठरवण्यापुरताच त्याचा उपयोग. रक्ततपासणीत तोंडाचा कर्करोग कळत नाही.

राहिला तुकडा, म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून कडेचा लहानसा भाग घेतात, गरज पडली तर एखादा टाका, त्याच दिवशी घरी. कर्करोग, क्षय की नुसती जुनी जखम, हे इथंच कळतं. "हात लावला की पसरतं" ही भीती आपल्याकडे पक्की बसली आहे. पसरतं ते वाट बघण्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. अहवाल चांगला आला पण जखम भरली नाही, तर तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. आणि निदानाआधी अख्खी जखमच कापून टाकू देऊ नका, पुढच्या शस्त्रक्रियेचा अंदाज चुकतो.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रांग लागेल, पण मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे आणि खर्च कमी. खासगीत वेळ वाचतो, पैसा जातो. कुठंही करा, अहवालाबरोबर तुकड्याची काच (स्लाइड) आणि तो ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून ठेवा. उद्या मुंबईला टाटा कर्करोग रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथं तेच बघायला मागतात.