पोचमपल्ली इकतचा कुर्ता: कापडाला पैकीच्या पैकी, शिवणीला भोपळा

तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या इकत कापडाचा माझा कुर्ता काखेत उसवला म्हणून लिहायला बसले. पुण्यात बसमध्ये वरचा दांडा धरला आणि टर्रकन आवाज आला. कापड शाबूत होतं, शिवण सुटली होती. घरी येऊन उलटा करून पाहिला तर आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड, किती? जेमतेम दोन सूत, पाव इंच. साडेचौदाशेच्या कुर्त्याला!

हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं, हे विकणाऱ्याला माहीत असतंच. मग एक तर कापड भिजवून, वाळवून मग बेता, नाहीतर आत भरपूर माया सोडा. यांनी दोन्ही केलं नाही. पावसाळ्यात कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनात घेतला तेव्हा अंगात छान बसत होता. दिवाळीपर्यंत मुंढ्यात काचायला लागला. फोन केला तर, "मॅडम, हँडलूममध्ये असं होतंच." नक्षीच्या कडा जरा पसरट दिसतात, ते हँडलूम. मधेच एखादी गाठ येते, तेही हँडलूम, कबूल. पण कात्री विणकराने चालवली होती का?

चिडून उसवलेल्या कडेचा एक धागा ओढून काढला, आणि तिथे माझा राग निम्मा उतरला. त्या एकाच धाग्यावर थोडा लाल, थोडा पांढरा, मग काळा, पुन्हा लाल. म्हणजे नक्षी कापडावर काढलेलीच नाही. सुताच्या जुड्या रबराच्या पट्ट्यांनी जागोजागी बांधायच्या, रंगात बुडवायच्या, सोडून पुन्हा दुसरीकडे बांधायच्या, आणि मग माग. हेच इकत. मागावर धागे केसभर सरकतात म्हणून त्या कडा पिसासारख्या. हे ऐकून माहीत होतं; हातात धरून पाहिलं तेव्हा कापडाबद्दलची तक्रार मागे घेतली.

लक्ष्मी रस्त्यावर इकत म्हणून चारशेला मिळतं ते बहुतेक छापील. उलटी बाजू बघा, फिकी दिसली की समजा. यात दोन्ही बाजू सारख्याच.

रंग पहिल्या धुण्याला गेला, बादली गुलाबी झाली. नंतर थांबला. मिठाच्या पाण्याचा सल्ला सगळ्यांनी दिला, उपयोग शून्य. वेगळा धुवा, उलटा करून सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री फिरवा. एप्रिलच्या उन्हात याच्यासारखं कापड नाही, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही.

पण मायेचं मी विसरणार नाही. गंमत म्हणजे खाली घेराला दुमड चांगली चार बोटं! जिथे कोणाला नको तिथे कापड उधळलंय. आमच्या पेठेतल्या शिंपीकाकांनी तीच उसवून काखेत चौकोनी तुकडे लावले. नक्षी जुळत नाही, पण हात वर जातो. एकशेवीस रुपये झाले. पुढच्या वेळी मी कापडच मीटरवर घेणार आणि काकांकडे टाकणार.

काकांची चिठ्ठी दुकानदाराला व्हॉट्सॲप केली आहे. निळ्या टिका आल्यात, पैसे अजून नाहीत.