खोल पॅराबोलिक सॉफ्टबॉक्सवर कुठला स्ट्रोब बसवावा? सीमाभागातल्या कामाच्या हिशेबाने परीक्षण

वॅट-सेकंद (फ्लॅशच्या ताकदीचं माप) बघून स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचा फ्लॅश लाईट घेतला आणि नंतर त्यावर खोल पॅराबोलिक (खोल वाडग्यासारखा वक्र सॉफ्टबॉक्स) चढवला, तर त्या पॅराबोलिकचे निम्मे पैसे पाण्यात जातात. या जोडीत सगळं ठरतं ते फ्लॅशची नळी कुठे बसते यावर. इथे दोन लाईट एकाच मापाच्या सॉफ्टबॉक्सवर तोलले आहेत: बॅटरीवर चालणारा, ६०० वॅट-सेकंदांचा गोडॉक्स एडी ६०० प्रो आणि प्लगवर चालणारा, ४०० वॅट-सेकंदांचा गोडॉक्स एसके ४०० टू. सॉफ्टबॉक्स १२० सेंटिमीटर तोंडाचा, १६ काड्यांचा, आतून चंदेरी, बोवेन्स माउंटचा (माउंट म्हणजे सॉफ्टबॉक्स लाईटला अडकवायची कडी), प्रकाश मऊ करणारी दोन कापडं असलेला: एक आत, एक तोंडावर. कामं आपल्याकडची: मंगल कार्यालयातली नवरी, शहापूर-वडगावच्या साड्या, अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल.

आधी नळीचं. एडी ६०० प्रोची नळी माउंटच्या पुढे उघडी बाहेर येते, त्यामुळे प्रकाश बाजूंनाही फेकला जातो आणि माउंटजवळच्या कापडापासून कडेपर्यंत प्रत्येक पाकळी (दोन काड्यांमधला अस्तराचा पट्टा) उजळते. एसके ४०० टूची नळी लाईटच्या तोंडातल्या वाटीच्या आत आहे. तिचा प्रकाश शंकूसारखा पुढेच जातो. मधला प्रकाश कापडाला न शिवता सरळ तोंडातून बाहेर पडतो, कडेचा थोडा बाहेरच्या पाकळ्यांवर आपटतो आणि माउंटजवळचा भाग काळाच राहतो. परिणाम असा की मधे पांढरा डाग, त्याभोवती काळपट पट्टा आणि मग कडेला पुन्हा थोडा उजेड. पॅराबोलिकचे पैसे मोजून हातात आलेला प्रकाश साध्या वाटीच्या (धातूच्या रिफ्लेक्टरच्या) जवळचा असतो.

हे स्वतःच्या लाईटवर तपासायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही कापडं काढा, सॉफ्टबॉक्सचं तोंड कॅमेऱ्याकडे करा, तीन मीटर मागे जा. आयएसओ १००, शटर १/१६०, ॲपर्चर एफ १६ ते २२, लाईट सर्वात कमी पॉवरवर. फोटोत कुठल्या पाकळ्या पेटल्या आणि कुठल्या काळ्या राहिल्या ते स्पष्ट दिसतं. तोंड पूर्ण पांढरं आलं तर पॉवर आणखी खाली जात नसेल तेव्हा आयएसओ कमी करा किंवा लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावा. पांढऱ्या फोटोवरून काहीच कळत नाही. दुकानात सॉफ्टबॉक्स घेतानाही हीच चाचणी तिथल्या तिथे करून बघा, मग दुकान बेळगावातलं असो की कोल्हापूर, हुबळीचं.

नळी नेमकी कुठे हवी याचाही साधा हिशेब आहे. तोंडाच्या व्यासाचा वर्ग करा आणि त्याला खोलीच्या १६ पटीने भागा. तोंड १२० सेंटिमीटर आणि खोली ६५ असेल तर १४,४०० भागिले १,०४०, म्हणजे जवळजवळ १४ सेंटिमीटर. तळापासून इतक्या अंतरावर पॅराबोलाचा केंद्रबिंदू येतो. तोंड ९० आणि खोली ५० असेल तर तो १० सेंटिमीटरवर येतो. नळी बरोबर तिथे असेल तर आपटून येणारे किरण समांतर निघतात. नळी तळाकडे सरकली की झोत पसरतो, तोंडाकडे सरकली की किरण पुढे जाऊन एकमेकांना छेदतात. बोवेन्स माउंटवर नळी मागेपुढे करता येत नाही, स्पीडरिंग (सॉफ्टबॉक्सच्या काड्या धरणारी माउंटची कडी) जिथे बसवेल तिथेच ती राहते. शिवाय कापड आणि काड्या वाकवून केलेला आकार गणितातल्या पॅराबोलाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून पाकिटावर 'पॅराबोलिक' छापलेल्या बहुतेक सॉफ्टबॉक्सना 'खोल सॉफ्टबॉक्स' म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

खरा फोकस होणारा पॅराबोलिक वेगळ्या पद्धतीचा असतो. ब्रॉनकलरच्या पॅरामध्ये लाईट एका दांड्यावर, तोंड आतल्या बाजूला करून बसतो आणि दांडा सरकवून झोत अरुंद किंवा रुंद करता येतो. त्यात नळीचा एकही किरण थेट समोरच्यावर पडत नाही, सगळा प्रकाश आपटूनच येतो. मधे लाईटची सावली पडत असल्यामुळे डोळ्यात कड्यासारखं प्रतिबिंब दिसतं. असा फोकस दांडा वेगळा मिळतो आणि बोवेन्स लाईट त्यावर बसतो, पण मोठा मोनोलाईट (सगळी यंत्रणा एकाच डब्यात असलेला लाईट) तोंडासमोर लटकवला तर सावलीही मोठी आणि वजनही पुढे. एडी ६०० प्रोला एच ६०० पी हे वेगळं हेड जोडता येतं. बॅटरी आणि बॉडी स्टँडच्या पायाशी, वर फक्त हलकं हेड. फोकस दांडा वापरायचाच असेल तर ही व्यवस्था बघावी.

आता पॉवर. ४०० आणि ६०० वॅट-सेकंदांतला फरक कागदावर मोठा वाटतो, प्रत्यक्षात तो जेमतेम अर्ध्या स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). गाईड नंबर (फ्लॅशचा प्रकाश किती पोचतो याचा आकडा), एसके ४०० टूचा ६५ आणि एडी ६०० प्रोचा ८७, साध्या वाटीवर मोजलेला असतो. सॉफ्टबॉक्सवर तो आकडा उपयोगाचा नाही. खरी पॉवर कापडं खातात. बाहेरचं कापड साधारण एक स्टॉप, आतलं त्याहून थोडं कमी, आणि वर हनीकॉम ग्रिड (प्रकाश बाजूला जाऊ न देणारी जाळी) चढवली की आणखी जवळपास एक. कापड काढणं हा मोठा लाईट घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

एडी ६०० प्रोची पॉवर १/२५६ पर्यंत उतरते, एसके ४०० टूची १/१६ पर्यंत. दागिन्यांच्या किंवा चपलेच्या कामात लाईट एक मीटरवर असताना हा फरक जाणवतो: १/१६ वरही प्रकाश जास्त होतो आणि मग नाइलाजाने ॲपर्चर बंद करावं लागतं. एडी ६०० प्रोमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्ण पॉवरवर त्याचा फ्लॅश टी ०.१ च्या मापाने (उजेड कमाल पातळीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ) १/२२० सेकंद चालतो. कॅमेरा १/२५० वर सिंक होत (फ्लॅशशी जुळत) असला तरी पूर्ण पॉवरला शटर १/१६० वर ठेवा, नाहीतर फ्लॅशची शेपटी कापली जाते आणि मोजलेल्यापेक्षा फोटो काळपट येतो. पॉवर कमी केली की फ्लॅशचा काळही आखूड होतो, म्हणून अक्षता हवेत गोठवायच्या असतील तर १/१६ किंवा त्याखाली जा आणि आयएसओ वाढवा.

कार्यालयात जनरेटर सुरू झाला किंवा व्होल्टेज पडलं की प्लगचा लाईट भरायला वेळ घेतो. रेडीचा आवाज यायच्या आत बटण दाबलं तर फोटो अंधारा येतो, आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारा रिमोट) बिघडला असा गैरसमज होतो. बॅटरीवर चालणाऱ्या लाईटला हा त्रास नाही. पूर्ण पॉवरचे सुमारे ३६० फ्लॅश एका चार्जमध्ये मिळतात, आणि निम्म्या पॉवरवर काम केलं तर एक लग्न आरामात निघतं. एसके ४०० टूचा १५० वॅटचा मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशआधी प्रकाश कुठे पडेल ते दाखवणारा सतत पेटता दिवा) मात्र फोकस बघायला छान आहे, एडीच्या ३८ वॅटच्या एलईडीपेक्षा डोळ्याला जास्त कळतं. पण बंद सॉफ्टबॉक्समध्ये तो तासन्‌तास चालू ठेवू नका. हॅलोजनची उष्णता आतच कोंडते.

कामागणिक कापड कुठलं? नवरीच्या शालूची जर आणि गळ्यातली मोहनमाळ, ठुशी यांना कापडाशिवायचा चंदेरी प्रकाश चमक देतो, पण तोच प्रकाश मेकअपवरचा घामही उठवतो. दोन्ही कापडं लावली तर चेहरा सुरेख, जर मात्र पिवळ्या सुतासारखी दिसते. शहाण्याने फक्त आतलं कापड लावावं, लाईट १.२ ते १.५ मीटरवर आणि डोळ्याच्या उंचीपेक्षा हातभर वर. मंडपाचं लाल-पिवळं कापड असेल तर ग्रिड लावाच, कारण बाजूला गेलेला प्रकाश त्या कापडावरून रंग घेऊन चेहऱ्यावर परत येतो. चष्मा असलेल्या आजी-आजोबांसाठी लाईट आणखी वर आणि बाजूला न्या, नाहीतर दोन्ही काचांत सोळा पाकळ्यांचं फूल उमटतं.

स्टेजवरच्या दहा-बारा जणांच्या ग्रुपला ही जोडी लावू नये. खोल सॉफ्टबॉक्सचा झोत अरुंद, कडेची मंडळी काळी पडतात. तिथे दीड मीटरची पांढरी छत्री स्वस्तात उत्तम काम करते.

साडीच्या फोटोला दोन्ही कापडं आणि थोडा तिरका कोन बरा. विणीचा पोत दिसतो आणि रंग फाटत नाही. कोल्हापुरी चपलेला मात्र या सॉफ्टबॉक्सचं सोनं होतं. चप्पल टेबलावर, लाईट मागच्या बाजूने आडवा, टेबलापासून २० ते ३० अंशांवर, कापड एकही नाही. वेणीचा प्रत्येक पीळ, कानाची शिवण आणि कातड्याचा दाणा उठून येतो. समोरून पांढरं थर्माकोल टेकवलं की सावल्या काळ्याकुट्ट राहत नाहीत. इथे उघड्या नळीचा लाईट आणि वाटीतल्या नळीचा लाईट यांतला फरक सर्वात ठळक दिसतो: वाटीतल्या नळीने मधल्या वेणीवर पांढरा डाग येतो.

एसके ४०० टू आधीच घरात असेल तर तो विकायची घाई नको. तीन उपाय आहेत. काही सॉफ्टबॉक्ससोबत चंदेरी तबकडी येते, ती नळीसमोर बसवली की प्रकाश मागे भिंतींवर फेकला जातो. तबकडी नसेल तर आतलं कापड कायम लावून ठेवा, मधला डाग बराच पसरतो. आणि तेही नको असेल तर खोलीचा नाद सोडून उथळ ऑक्टा (आठ बाजूंचा सॉफ्टबॉक्स) घ्या. वाटीतल्या नळीला तो जास्त मानवतो.

उभारणीत बहुतेक अपघात वजनामुळे होतात. सॉफ्टबॉक्सचं वजन माउंटच्या पुढे झुकतं, लाईटचा टिल्ट नॉब हळूहळू घसरतो आणि नवरीच्या डोक्यावर येणारा प्रकाश पोटावर येतो. स्टँडचा एक पाय बरोबर सॉफ्टबॉक्सच्या खाली करा, मागच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा, स्टँड जाड नळीचा घ्या. माउंट फिरवल्यावर लॉकचा टक् आवाज ऐका आणि हात सोडण्याआधी एकदा ओढून बघा. जागाही मोजा: सॉफ्टबॉक्स ६५ सेंटिमीटर आणि मागे लाईट, म्हणजे सगळा सरंजाम जवळजवळ एक मीटर लांब. टिळकवाडी किंवा शहापुरातल्या दहा बाय बारा फुटांच्या गाळ्यात तो भिंतीला टेकतो. तिथे ९० सेंटिमीटरचाच घ्यावा.

पावसाळ्यात बेळगाव आणि खास करून खानापूरची हवा चंदेरी अस्तराला सोसत नाही. ओलसर घडी करून ठेवलेल्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि घडीच्या रेषेवर चांदी सुटते. काम झालं की पंख्याखाली तासभर उघडा ठेवा, मग घडी करा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बॅटरी जून ते सप्टेंबर पडून राहणार असेल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा आणि तीन महिन्यांत एकदा चार्ज करा. गणपतीच्या आधी नळीवर बोटांचे ठसे नाहीत ना ते बघा; असतील तर लाईट बंद करून, बॅटरी काढून, नळी थंड झाल्यावर मऊ सुती कापडाने पुसा.