हेडफोनवर मिक्सिंग : क्रॉसफीड पुरे की अख्खी खोली हवी?

स्पीकरसमोर बसल्यावर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो. फक्त तो साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मध्ये डोके आडवे आल्याने त्यातल्या उंच कंप्रता दबलेल्या असतात. हेडफोनवर हे घडतच नाही. त्यामुळे मिक्सिंग करताना, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना, डग्ग्याचा माइक पूर्ण डावीकडे आणि तबल्याचा पूर्ण उजवीकडे ठेवला, की तबलजीचे दोन हात दोन वेगळ्या खोल्यांत असल्यासारखे वाटते. ते सुसह्य करण्यासाठी पॅनिंग (आवाजाची डावी-उजवी जागा) आत ओढत गेलो, तर स्पीकरवर तीच जोडी मधोमध गोळा होऊन बसते.

यावरचा जुना आणि साधा उपाय म्हणजे क्रॉसफीड : एका बाजूचा थोडा आवाज, किंचित उशिरा आणि उंच कंप्रता दबवून, दुसऱ्या कानातही सोडायचा. बेंजामिन बाउअर यांनी 1961 मध्ये मांडलेली ही कल्पना बीएसटूबी या मोफत प्लगइनमध्ये (ध्वनी सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) आजही वापरता येते. दुसऱ्या कानाकडे जाणाऱ्या आवाजाची कंप्रतेची मर्यादा आणि पातळी यांची त्यातली मूळ मांडणी 700 हर्ट्झ आणि 4.5 डेसिबल अशी आहे. गुडहर्ट्झच्या कॅनओपनरमध्ये हेच काम अधिक बारकाईने जुळवता येते. क्रॉसफीडमध्ये भिंती नसतात, प्रतिध्वनी नसतो, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण आहे, कारण मिक्समध्ये नसलेले काहीही ते ऐकवत नाही.

खोलीचे अनुकरण करणारी प्लगइन याच्या बरीच पुढे जातात. वेव्ह्जचे ॲबी रोड स्टुडिओ 3 लंडनमधल्या त्या कंट्रोल रूमचे जवळचे, मधले आणि दूरचे असे तीनही स्पीकर हेडफोनवर उभे करते, आणि कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने मान वळल्याचे ओळखून स्पीकर जागच्या जागी ठेवते. त्यासाठी डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून भरावा लागतो, हे थोडे गमतीचे वाटले तरी टाळू नये. तरीही कानाच्या पाळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असल्याने, एकाला समोर ऐकू येणारा गायक दुसऱ्याला कपाळातच अडकलेला वाटू शकतो. खरी अडचण रिव्हर्बची (मिक्समध्ये मुद्दाम घातलेल्या गुंजारवाची) आहे: खोलीचा स्वतःचा गुंजारव आधीच कानात असल्याने गायकाला रिव्हर्ब कमी दिला जातो आणि गाणे बाहेर कोरडे निघते.

खोलीचेच अनुकरण करणारा स्लेटचा व्हीएसएक्स संच हेडफोनसकटच मिळतो आणि त्याचे सॉफ्टवेअर त्याच हेडफोनसाठी जुळवलेले असते. त्यामुळे अंदाज कमी उरतो, मात्र आपल्याकडे आधीपासून असलेल्या चांगल्या हेडफोनचा त्यात उपयोग होत नाही.

ज्यांच्याकडे बरे हेडफोन आहेत, त्यांनी आधी सोनारवर्क्ससारख्या साधनाने त्यांचा कल (काही कंप्रता जास्त, काही कमी ऐकवण्याची सवय) सरळ करावा, त्यावर हलके क्रॉसफीड लावून काम करावे आणि खोलीचे अनुकरण शेवटच्या तासाभरात, दुसऱ्याच्या स्टुडिओत फेरी मारून यावे तेवढेच वापरावे. हेडफोनच घ्यायचे असतील आणि खोलीत स्पीकर लावणे शक्यच नसेल, तर व्हीएसएक्सचा विचार रास्त आहे.

यांपैकी काहीही मास्टर बसवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र होऊन फाइलमध्ये जातात त्या शेवटच्या टप्प्यावर, ठेवू नये. मी एकदा ठेवले होते, आणि गाणे आभासी खोलीसकट एक्स्पोर्ट होऊन गायिकेकडे गेले; तिने फोन करून विचारले, ‘हे बाथरूममध्ये रेकॉर्ड केलंय का?’ ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरपैकी रीपरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स आणि क्यूबेस प्रोमध्ये कंट्रोल रूम अशा जागा यासाठीच आहेत. तिथे लावलेले प्लगइन फक्त ऐकू येते, फाइलमध्ये उतरत नाही.