झोपलेल्या घड्याळात वेळ कोण मोजणार, टायमर-२ की डीएस३२३१?

तुम्ही एटीमेगा ३२८पी ह्या मायक्रोकंट्रोलर चिपवर मनगटी घड्याळ करायला घेतलंय, बटण दाबलं की चार आकडे लागतात आणि तीन सेकंदांनी विझतात इथवर गाडी आलीय, आणि आता सेल आठवडाभरात मान टाकतोय म्हणून स्लीप मोडच्या, म्हणजे काम नसताना चिपला झोपवून करंट वाचवायच्या, मागे लागलात, असं धरून चालतो. एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) बंद करून झोपवा, मोकळ्या पिना लोंबकळत ठेवू नका, झोपायच्या ऐन आधी बीओडी, म्हणजे व्होल्टेज घसरला की चिप रिसेट करणारा पहारेकरी, बंद करा (तो एकटा २० मायक्रोअँपच्या आसपास खातो, म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ एक अख्खा सीआर२०३२ बटण सेल), हे सगळं खालच्या दोन्ही रस्त्यांना सारखंच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

खरा प्रश्न एवढाच उरतो की चिप झोपलेली असताना वेळ कोण मोजणार. एक रस्ता असा की चिपला पॉवर-सेव्हमध्ये टाकायचं, ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटा क्रिस्टल (ठरलेल्या वेगाने ठेका देणारा भाग) तिच्याच दोन पिनांना लावायचा आणि तिच्यातला टायमर-२ असिंक्रोनस, म्हणजे मुख्य क्लॉक सोडून ह्या क्रिस्टलवर, चालवायचा, बाकी सगळं झोपतं आणि तो एकटा जागा राहतो. दुसरा रस्ता, चिपला पार पॉवर-डाउनमध्ये पाठवायचं, मेल्यासारखं, आणि वेळ सांभाळायला बाहेर डीएस३२३१ (फक्त वेळ सांभाळणारी वेगळी चिप, आरटीसी) बसवायचा, बटण दाबलं की पिन-चेंज इंटरप्टने (पिनेवर बदल झाला की चिपला मारलेली हाक) जागं व्हायचं, त्याला वेळ विचारायची, दाखवायची, परत झोपायचं. वॉचडॉगने (चिपमधला राखणदार टायमर) दर आठ सेकंदांनी उठून मोजायचा तिसरा रस्ता पण सांगतात लोक, पण वॉचडॉगचा अंतर्गत ऑसिलेटर इतका ढिला असतो की संध्याकाळपर्यंत घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं असतं, तो सोडून द्या.

मी दोन्ही बनवली, दोन्ही वापरली. करंट मात्र मी धड मोजलेला नाही हे आधीच कबूल करतो, साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँप रेंजवर घड्याळ जागं झालं की मीटरमध्येच एवढा व्होल्टेज पडतो की चिप रिसेट होते, मग मी तो नाद सोडला आणि सेल किती दिवस टिकतो तेच बघत बसलो. आणि तसंही कागदावर हा सामना बरोबरीत सुटतो. पॉवर-सेव्ह क्रिस्टलसकट १.८ व्होल्टला ०.७५ मायक्रोअँप, आणि दुसरीकडे पॉवर-डाउनचा ०.१ अधिक डीएस३२३१ चा बॅटरीवरचा ०.८४. दोन्हीकडे साधारण एकच मायक्रोअँप झाला की, आणि एक मायक्रोअँप म्हणजे वर्षाला पावणेनऊ मिलिअँप-अवर. सेलमध्ये असतात २२० च्या आसपास.

खातो तो डिस्प्ले. दहा मिलिअँप, तीन सेकंद, दिवसातनं वीस वेळा धरा, वर्षाचे साठ मिलिअँप-अवर झाले. १९७२ साली हॅमिल्टनचं पल्सर नावाचं मनगटी घड्याळ आलं, २१०० डॉलरचं, लाल एलईडीचं, त्यालाही वेळ बघायला बटणच दाबावं लागायचं आणि कारण हेच. त्यामुळे स्लीप करंटच्या शेवटच्या दशांशावरून जे हमरीतुमरीवर येतात त्यांनी आधी डिस्प्ले तीनऐवजी दोन सेकंद ठेवून बघावा.

टायमर-२ बद्दल मला मनापासून प्रेम आहे बरं का, गैरसमज नको. ३२७६८ ला प्रीस्केलर १२८ ने भागलं की २५६, आणि टायमर आठ बिटांचा, २५६ मोजले की परत शून्यावर, म्हणजे ओव्हरफ्लो बरोब्बर सेकंदाला एकदा, एक गणित पण करावं लागत नाही, कुणीतरी घड्याळ डोळ्यासमोर ठेवूनच बनवलंय असं वाटतं. सगळं मिळून एक चिप, एक क्रिस्टल, एक सेल, दोन बटणं. क्रिस्टल मुख्य क्लॉकच्याच पिनांवर बसतो, त्यामुळे चिप अंतर्गत ८ मेगाहर्ट्झवर चालवावी लागते आणि प्रो मिनी वगैरे तयार बोर्ड बाद होतात, सुटी चिप घेऊन फ्यूज (चिपच्या मूळ सेटिंग) स्वतः बसवावे लागतात. ते एकदाच करायचं असतं, चालतं.

पण पहिल्या घड्याळाने मला दोन आठवडे वेड लावलं. घड्याळ पुढे पळायचं, आणि थोडंथोडकं नाही, मध्येच एका सेकंदात दोन-तीन सेकंद मोजून मोकळं. मी म्हटलं क्रिस्टल खराब. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन नवीन आणले, एक काढला दुसरा लावला, तिसरा लावला, त्याच्या केसासारख्या पायांपैकी एक सोल्डर करताना तुटला, पण पळणं काही थांबेना. मग सहज म्हणून क्लॉक ८ चा १ मेगाहर्ट्झ केला तर घड्याळ एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं! कोड तोच, क्रिस्टल तोच. परत ८ केला, परत पळापळ. तेव्हा कुठे डेटाशीटमधला तो परिच्छेद नीट वाचला. टायमर-२ ने उठवल्यावर क्रिस्टलचा एक पूर्ण फेरा, म्हणजे तीसेक मायक्रोसेकंद व्हायच्या आत तुम्ही परत झोपलात तर तोच इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. माझा इंटरप्ट एवढासा, सेकंद एकने वाढव आणि झोप, ८ मेगाहर्ट्झवर ते काम तीस मायक्रोसेकंदांच्या कितीतरी आधी उरकायचं, १ मेगाहर्ट्झवर रेंगाळायचं म्हणून वाचायचं. उपाय दोन ओळींचा आहे, झोपायच्या आधी टायमरच्या ओसीआर२ए रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायचं आणि एएसएसआर रजिस्टरमधला त्याचा बिझी बिट खाली येईपर्यंत थांबायचं. हे लक्षात ठेवलंत तर तुमचे दोन आठवडे आणि तीन क्रिस्टल वाचले.

अचूकपणाचं म्हणाल तर साधा २० पीपीएमचा (दहा लाखांत वीसची चूक) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत चुकू शकतो, महिन्याला जवळपास मिनिट. ते कोडमध्ये दर चौदा तासांनी एक सेकंद वाढवून किंवा गाळून बऱ्यापैकी मारता येतं. शिवाय हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास खूष असतो, गरम झाला तरी मंदावतो आणि गार झाला तरी मंदावतो, पण घड्याळ मनगटावर असलं की अंगाच्या उबेने तापमान फारसं हलत नाही, म्हणून घालून वावरलात तर बरं चालतं आणि मे महिन्यात टेबलावर ठेवून दिलंत तर रोज अर्धा-पाऊण सेकंद मागे पडतं. डीएस३२३१ स्वतःच दर ६४ सेकंदांनी तापमान बघून दुरुस्ती करतो, दोन पीपीएम, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर. माझ्याकडचा संक्रांतीला लावलेला गणपतीत फोनशी ताडून बघितला तर बारा-तेरा सेकंद फरक. पण खरं सांगू का, मनगटी घड्याळात ह्याने काही मोठा फरक पडत नाही. माझा निर्णय ह्यावर झालाच नाही.

झाला तो १२:०० वर.

टायमर-२ मध्ये वेळ राहते चिपच्या रॅममध्ये, आणि रिसेट झालं की ती परत पहिल्यापासून. कोड अपलोड केला, १२:००. सेल जरा हलला, १२:००. स्लीपचा कोड असा असतो की दिवसातनं पाच वेळा अपलोड होतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात माझ्या हातावर कायम दुपारच होती. तेही मी सहन केलं असतं, पण मी ते घड्याळ बाबांना दिलं. बाबा साताऱ्याला असतात, सकाळी फिरायला जाताना घालायचे आणि भेटेल त्याला बटण दाबून दाखवायचे, मुलाने केलंय म्हणून, त्यामुळे सेल सात-आठ महिन्यांत संपला. सेल त्यांनी स्वतः आणून बदलला आणि फोन केला, १२:०० दाखवतंय म्हणून. मी म्हटलं बाबा, वरचं बटण तीन सेकंद दाबून धरा. ते म्हणाले, "तीन सेकंद मोजू कशात, घड्याळ तर बंद आहे." बरं, तास लागले. मग मिनिटं एकेक दाबत ४७ पर्यंत न्यायची होती, त्यांनी दाबत दाबत ४८ केली, आणि मी कोडमध्ये मागे जायची सोयच ठेवली नव्हती, म्हणजे आता अजून ५९ वेळा. अर्ध्या रस्त्यात डिस्प्ले आपोआप झोपला, कारण तीन सेकंद बटण दाबलं नाही की झोपायचं हे मीच लिहिलेलं. पाऊण तास चाललं हे फोनवर, शेवटी आईने फोन काढून घेतला.

आता कुणी म्हणेल की सेलला समांतर एक कपॅसिटर टाक, सेल बदलेपर्यंत एक मायक्रोअँप सहज पुरवेल. टाकला. कागदावर मिनिटापेक्षा जास्त टिकतो. पण सेल बदलताना घड्याळ धरायचं कसं, बोटं कडेला लागतात, आणि कडेला असतं बटण! बटण दाबलं गेलं की डिस्प्ले लागतो आणि दहा मिलिअँपला १०० मायक्रोफॅरड म्हणजे शंभरावा भाग सेकंदाचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं गार. एकाच चिपमध्ये वेळ आणि डिस्प्ले दोन्ही राहतात म्हटल्यावर दोघांना वेगळं करता येत नाही, अडचण सगळी ही.

डीएस३२३१ मध्ये येतं करता. सेलपासून एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), त्याच्यामागे १०० मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, आणि त्या साठ्यावर फक्त आरटीसी. डिस्प्लेने काय हवा तो धिंगाणा घालावा, तो साठा डायोडच्या पलीकडे आहे, त्याला हात लागत नाही. मुख्य चिप मरो, रिसेट होवो, नवीन कोड येवो, ती उठली की वेळ विचारते आणि वेळ बरोबर असते. मी मुद्दाम मिनिटभर सेल काढून, बटण चार-पाच वेळा दाबून, परत घातला, वेळ तिथेच होती.

ह्याचीही दुखणी आहेत, ती लपवत नाही. बाजारात मिळतं ते मॉड्यूल जसंच्या तसं घड्याळात घालू नका, त्याच्यावर एक एलईडी कायम पेटलेला असतो आणि सेल चार्ज करायची एक जोडणी असते, जी साध्या सीआर२०३२ ला चालत नाही. नुसती चिप घेतलीत तरी तिला व्हीसीसी ह्या मुख्य पॉवरच्या पिनेवर पॉवर दिलीत तर ती स्टँडबायमध्ये ११० मायक्रोअँपपर्यंत जाऊ शकते. माझा पहिला सेल तीन महिन्यांच्या आतच बसला, मी आपला स्लीपच्या कोडमध्ये चूक शोधत होतो आणि चोर शेजारीच बसलेला. व्हीसीसी ग्राउंडला आणि पॉवर व्हीबॅट ह्या बॅटरीच्या पिनेला, मग ती मायक्रोअँपच्या आत येते, आणि आय-टू-सी (दोन तारांवरून चिपांनी आपसात बोलायची पद्धत) तशातही चालतं. फक्त पहिल्यांदा व्हीबॅटवर जोडल्यावर तिचा ऑसिलेटर सुरूच होत नाही, तिच्याशी एकदा आय-टू-सी वर बोलावं लागतं, मग उठते. घाबरून चिप बदलू नका, मी बदलली होती.

आणखी एक. सेल म्हातारा झाला की डिस्प्ले लागताना व्होल्टेज बसतो, मुख्य चिप नेमकी वेळ वाचता वाचता रिसेट होते, आणि डीएस३२३१ ला त्याचा पत्ताच नसतो, तो आपला अर्धा बाइट हातात धरून डेटा लाइन खाली खेचून बसतो. घड्याळ कोरं. उठल्यावर आधी एससीएलवर (आय-टू-सी ची क्लॉकची तार) नऊ पल्स द्यायचे की तो लाइन सोडतो, हे माझ्या कोडमध्ये आता सगळ्यात वर असतं. आणि हो, तो २.३ व्होल्टच्या खाली हमी देत नाही, ३२८पी बिचारी, क्लॉक ४ मेगाहर्ट्झच्या आत ठेवला तर, १.८ पर्यंत रेटते, म्हणजे सेलचा शेवटचा घोट टायमर-२ वालाच पितो. शिवाय सोळा पायांची ती जाडजूड चिप, मनगटावर दिसते. आठ पायांची डीएस३२३१एम येते, पाच पीपीएमची, ती मी वापरली नाही पण पुढच्या वेळी बघणार आहे.

तेव्हा ज्याचं त्याने ठरवावं. तुम्हाला घड्याळात दर सेकंदाला काहीतरी हलवायचंय, स्टॉपवॉच हवंय, शक्य तितकं पातळ करायचंय, किंवा मुळात स्लीप मोड शिकायला म्हणून करताय, तर टायमर-२ च घ्या, दोन आठवडे डोकं फुटेल पण असिंक्रोनस टायमर म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाही. कायम दिसणारा एलसीडी लावणार असाल तरी तेच, कारण चिपला तसंही उठत राहावं लागणार. पण बटण दाबून वेळ बघायचं घड्याळ असेल, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातावर जाणार असेल, तर माझ्या मते थोडी जाड चिप सोसावी. बाबांच्या हातावर आता तेच आहे, मध्ये एकदा सेल बदलला असं आईकडून कळलं, मला फोन आला नव्हता.

डायोडची पट्टी आरटीसीच्या बाजूला ठेवा, मी आधी उलटा लावला होता आणि तासभर आय-टू-सी चा पत्ता शोधत बसलो होतो.