४२ दात्यांची कॅसेट: दोन डोंगरी सहलींनंतर

आधीच सांगते, हे शर्यतवाल्यांसाठी नाही. वय ५२, उजवा गुडघा कुरकुरणारा, मागे दोन पिशव्या, आणि सायकल काढायची ती डोंगर बघायला. अशा माणसाने ११ ते ४२ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच (सगळ्यात लहान चकतीला ११ दाते, मोठीला ४२), लावावी का, एवढ्यापुरतंच लिहितेय. लावावी. पण मी लावताना जो घोळ घातला तो तुम्ही घालू नका.

माझ्या सायकलची मूळ जोडणी नेहमीचीच होती. पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २८ ची कॅसेट. सपाटीवर झकास. घाटात सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे ३४, मागे २८, आणि पेडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. ऐकायला यात काही जड वाटत नाही. आता ८ टक्क्यांचा चढ धरा. मी, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो. मिनिटाला ६० फेरे राखायचे तर वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर पडतो आणि पायांतून सुमारे १९० वॉट लागतात. माझे पाय तास-दोन तास देतात ते १२५-१३०. (गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आकडेमोड सहन करा.) उरलेले कुठून आणायचे? मग फेरे चाळीसवर उतरतात, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर दीडपट दाब येतो, कंबर डोलायला लागते आणि मान खाली जाते.

ती मान खाली जाणं, हेच माझं खरं दुखणं. इतकी वर्षं मी बरेच घाट चढले आणि त्यातला एकही मला धड आठवत नाही. आठवतं ते पुढचं टायर, त्याच्या मधोमध गेलेली बारीक रेघ आणि हँडलच्या टेपवर पडणारे घामाचे थेंब. वर पोचून फोटो काढायचा, आणि तो बघून कळायचं की आपण केवढ्या दरीच्या कडेने आलो.

पुढे ३४, मागे ४२ केल्यावर एका फेऱ्याला सायकल १.७ मीटर जाते. तोच चढ, तेच ६० फेरे, पण वेग ताशी सव्वासहा आणि लागणारी ताकद सव्वाशे वॉटच्या आसपास. चालणाऱ्यापेक्षा जेमतेम पुढे! पहिल्या सहलीत आमच्यातला एक तरुण मुलगा दोनदा मागे वळून आला, "काकू, सगळं ठीक आहे ना?" म्हणून. ठीक म्हणजे काय, मी मजेत होते. नवव्या की दहाव्या वळणाआधी पाण्याचा आवाज आला. पाणी दिसत नव्हतं. वळण संपता संपता आवाज पायाखालून यायला लागला, आणि मग लक्षात आलं की ओढा रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जातोय. कठड्याच्या दगडावर एक सरडा मान वर-खाली करत होता. त्याला माझी काहीच पर्वा नव्हती, इतकी मी हळू होते. जुन्या गिअरवर मला स्वतःच्या धापेपलीकडे काही ऐकूच येत नसे.

हलका गिअर म्हणजे पायात दम नसल्याची कबुली, असं मानणारे अजूनही भेटतात. ते फार जुन्या परंपरेतले आहेत. टूर द फ्रान्स सुरू करणारे आँरी देग्रांज यांनी १९०२ मध्ये लिहिलं होतं की गिअर बदलायची सोय पंचेचाळिशीपुढच्यांसाठी ठीक आहे. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. मी पंचेचाळिशी ओलांडून सात वर्षं झाली, तेव्हा देग्रांजसाहेबांचीही हरकत नसावी.

आता घोळ. मी नुसती कॅसेट आणली आणि घरीच बसवली. कॅसेट जुन्या फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या मधल्या, कॅसेट बसते त्या भागावर) नीट बसली, पण जुन्या डिरेलरला एवढी मोठी चकती झेपेना. त्याचं वरचं छोटं चाक कॅसेटवरच घासायला लागलं. लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणला, तर तो माउंटन बाइकचा, माझा हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर रोड बाइकचा. दोघांची केबल ओढायची मापं वेगळी, त्यामुळे एक गिअर टाकला तरी तो पुरता पडायचा नाही. लिव्हरही बदलावा लागला. पुढे ५० आणि ३४ दोन्ही ठेवून मागे ११-४२ घातलं तर ४७ दात्यांइतकी ढिली चेन डिरेलरने गोळा करायला हवी, ते होत नाही. म्हणून ५० ची चकती काढूनच टाकली. आणि एवढं सगळं करून चेन जुनीच, आखूड. अंगणात सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकली आणि डिरेलर ताणून असा आडवा झाला की पेडल ना पुढे जाईना ना मागे. शेवटी चेन तोडूनच सोडवली. हे घाटात झालं असतं तर डिरेलर मोडून हातात आला असता. तेव्हा कॅसेट, डिरेलर, लिव्हर, चेन हा एकच संच समजा. त्यातली एकच वस्तू विकत घेऊ नका.

सपाटीवर ही कॅसेट मला आवडत नाही. लहान चकत्यांचे दाते ११, १३, १५, १७ असे दोन-दोनने उड्या मारतात. समोरून वारा असला की १३ जड वाटतो आणि १५ वर पाय रिकामे फिरतात, मधला हवासा गिअर सापडतच नाही. ३४-११ वर मिनिटाला ९० फेरे मारले तरी ताशी पस्तिशीच्या पुढे जात नाही. उतारावर त्यापुढे मी पेडल मारतच नाही, त्यामुळे मला ते बोचत नाही. तुम्हाला बोचेल कदाचित.

हळू चढण्याचीही सवय करावी लागते. ताशी पाचच्या खाली गेलं की सायकल डुगडुगते. मागे दोन्ही पिशव्या भरलेल्या असतील तर तीव्र वळणावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. मी जड सामान पुढच्या पिशवीत हलवलं आणि वळण बाहेरच्या अंगाने घ्यायला लागले, अर्थात मागून गाडी येत नाही ना ते बघून.

दिवसाचा हिशेबही बदलतो. इटलीतल्या आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा प्रातो गावाकडचा चढ २४.३ किलोमीटरचा, ४८ वळणांचा, सरासरी ७.४ टक्क्यांचा. माझ्या वेगाने थांबे सोडून चार तास. पूर्वी मी ताशी आठ-नऊ धरून बेत आखायचे आणि अंधार पडल्यावर पोचायचे. आता सहा धरते आणि पहाटे निघते.

पाचात साडेचार गुण. अर्धा कापला तो वाऱ्यातल्या त्या १३ आणि १५ साठी. जुनी २८ ची कॅसेट पुसून, तेल लावून ठेवून दिली आहे, सपाट रस्त्यांच्या सहलीसाठी. डिरेलर आणि लिव्हर पुन्हा बदलायचा कंटाळा आल्यामुळे ती अजून डब्यातच आहे.