एकाच केबलवर स्टोरेज आणि नेटवर्क: एफसीओई की आयएससीएसआय?

सर्व्हरमागचं केबलचं जंजाळ कमी करायचं ठरलं की बहुतेकांपुढे हे दोनच पर्याय येतात: एफसीओई, म्हणजे स्टोरेजचं फायबर चॅनेल इथरनेटवरून चालवणं, आणि आयएससीएसआय, म्हणजे स्टोरेजच्या आज्ञा नेहमीच्या टीसीपी/आयपी नेटवर्कवरून पाठवणं. दोन्ही चालतात, दोन्हीकडे एमपीआयओ (स्टोरेजकडे जाणाऱ्या एकाहून जास्त वाटा सांभाळणारी सोय) लागतंच. फरक कळतो तो बिघाड झाल्यावर.

आयएससीएसआयचं दुखणं एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं. वाटेतला एखादा स्विच पोर्ट १५००वरच राहिला तर लॉगिन होतं, लन (स्टोरेजवरची डिस्क) दिसतो, पण मोठं रीड सुरू झालं की सगळं लटकतं. ९००० ठेवलं असेल तर डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून ८९७२ बाइटचा पिंग दोन्ही टोकांकडून मारावा. बाकीचे २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे. स्टोरेजसाठी एलएसीपीवर (अनेक लिंक जोडून एक करण्याची पद्धत) विसंबू नये. दोन सबनेट, दोन व्हीलॅन (आभासी नेटवर्क), फेलओव्हर (एक वाट तुटली की दुसरीवर जाणं) एमपीआयओकडे.

एफसीओईत झोनिंग (कोणाला कोणतं स्टोरेज दिसेल ते ठरवणं), डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा पत्ता) सगळं ओळखीचं राहतं, आणि जुनी फायबर चॅनेल सॅन (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) असेल तर हा मोठा दिलासा. आतली फायबर चॅनेल फ्रेमच २१४८ बाइटपर्यंत जाते, म्हणून एफसीओईच्या ट्रॅफिक क्लासला बेबी जंबो (१५००पेक्षा थोडा मोठा एमटीयू) हवा. राउटिंग नाही. टीसीपीसारखं खाली कोणी सावरून घेत नाही, त्यामुळे फ्रेम गळून चालत नाही. म्हणून पीएफसी (ट्रॅफिकची एकेक प्रायॉरिटी वेगळी थांबवण्याची सोय) आलं, बहुधा सीओएस ३वर (सीओएस म्हणजे त्या प्रायॉरिटीचा क्रमांक).

माझं मत फिरलं ते या पीएफसीमुळे. एखादा सर्व्हर डेटा उचलायला मंदावला की तो पॉज, म्हणजे थांबण्याचा निरोप, पाठवतो. स्विचचा बफर भरतो, मग स्विच मागच्या स्विचला थांबवतो. पॉज त्या लिंकवरच्या अख्ख्या प्रायॉरिटीला लागतो, त्यामुळे शेजारच्या रॅकमधला निर्दोष डेटाबेसही रखडतो. लिंक अप, ड्रॉप शून्य, सीआरसी (बिघडलेल्या फ्रेमच्या) चुका शून्य. स्टोरेजवाले नेटवर्ककडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले स्टोरेजकडे. मूळ शोधायचं तर प्रत्येक हॉपवर पोर्टनिहाय पीएफसी काउंटर बघत जायचं आणि पॉज जिथून येतोय तिकडे सरकायचं. आयएससीएसआयवर तोच मंद सर्व्हर आपली टीसीपी विंडो (एका वेळी किती डेटा घेईन ती मर्यादा) आखडतो आणि बहुतेक वेळा एकटाच भोगतो. फ्रेम गळल्या तर रीट्रान्समिट (पुन्हा पाठवलेली पॅकेट) वाढलेले होस्टवरच दिसतात.

लेटन्सीत एफसीओई सरस असेलही, पण रोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या लोडवर मला तो फरक जाणवत नाही. सीएनए (नेटवर्क आणि स्टोरेज दोन्ही चालवणारं कार्ड), डीसीबी स्विच (पीएफसीसारख्या सोयी असलेले) आणि फायबर चॅनेल जाणणारा माणूस आधीच पदरी असेल तर एफसीओई खुशाल चालू ठेवा. नवीन रॅक भरत असाल तर मात्र मी २५ गिगचे दोन पोर्ट घेऊन आयएससीएसआय लावेन.